नसीमाबी आणि कापसाची पात

टाकळवाड्याच्या बायांचं एक आहे. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. पोरगं शाळेत जाते का? हाव. चूल बंद करून गॅस वापरता का? हाव. गोळ्या रोज घेतेस का? हाव वो माय, घेतो ना. पुढचा माणूस खूश होऊन दारातून गेला म्हणजे झालं. नसीमाबीला हे ठाऊक नव्हतं असं नाही, ती याच मलकापूर तालुक्यात लहानाची मोठी झाली. तरी दोन वर्षं ती फसली.

नसीमाबी गावची आशा. वय एक्केचाळीस, शिक्षण दहावी, अंगानं कडक आणि बोलायला त्याहून कडक. नवरा कलीम गाद्या-रजया भरतो. पिंजणाचं मशीन घराच्या पडवीतच असल्यामुळे हिच्या ओढणीवर कापसाचा एखादा पुंजका कायम चिकटलेला. बाळंतपणं, लसी, क्षयवाल्यांना समोर बसवून औषध देणं, हे सगळं ती चौदा वर्षं करत आलेली. त्यात नवं काम आलं. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा फॉर्म भरायचा आणि बीपी-शुगर कोणाला गाठणार आहे ते आधीच हुडकून काढायचं. तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, आठवड्यात दीडशे मिनिटं व्यायाम होतो का, घरात कोणाला लकवा मारला आहे का. उत्तराला गुण, आणि गुण जास्त झाले की माणसाची रवानगी उपकेंद्रात.

व्यायामाचा सवाल आला की बाया पोट धरून हसायच्या.

"आठोड्यात दीडशे मिनटं?" शालूबाई म्हणाली होती. "तुह्या साहेबाले म्हन, कापसात ये. दिवसाचेच सहाशे करून देतो."

या शालूबाईचीच ही गोष्ट, आणि नसीमाबीची. शालूबाई सत्तेचाळीसची, वाळल्या शेंगेसारखी. कमरेला टेप लावला तर तो दीड फेरा फिरायचा. नवरा खामगावला जिनिंगमध्ये हमाल, पंधरवड्यानं घरी यायचा. घरात ती आणि ओसरीवर बाज टाकून बसलेला सासरा. सासऱ्याला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण कान असे की भिंतीपलीकडची पाल सरकली तरी कळावं. फॉर्मात शालूबाईला गुण जास्त मिळाले ते घराण्यामुळे. तिची मोठी बहीण दोन वर्षांपासून लकव्यानं खाटेवर. अर्धं अंग गेलेलं, तोंडातून शब्द निघत नाही, पोटची पोरगी भरवते तेव्हा चार घास जातात. उपकेंद्रात मशीन लावलं तर शालूबाईचं बीपी एकशे अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, सकाळी नाश्त्यानंतर, रोज, जन्मभर.

उपकेंद्रात महामाया मॅडम होती, तिथली आरोग्य अधिकारी. सव्वीस वर्षांची पोरगी, पण कामाला पक्की. तिचा एक नियम होता. रिकामं पाकीट दाखवा, मग भरलेलं मिळेल. शालूबाई दर महिन्याला रिकामी पाकिटं आणून टेबलावर ठेवायची. नसीमाबी ती मोजायची आणि वहीत लिहायची, नियमित. बीपी मात्र जिथल्या तिथं. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवा. वाढवला. तरी आकडा हलेना.

मग दिवाळीनंतर शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. बाजाराचा दिवस होता, बाया घरीच होत्या. लांब रांग लागली. शालूबाई रांगेत सहावी होती. पुढच्या बाईच्या दंडाला पट्टा बांधत होते तेवढ्यात ही मागच्या मागं धाडकन पडली.

महामायानं खालीच बसून मशीन लावलं. वरचा आकडा नव्वद.

"मशीन बिघडलं," महामाया म्हणाली. दुसरं लावलं. अठ्ठ्याऐंशी.

मागच्या महिन्यात जिचं एकशे नव्वद होतं, तिचं आज अठ्ठ्याऐंशी. डॉक्टर चक्रावले. पाय वर करून निजवलं, तासाभरानं आकडा सुधारला, तशी नसीमाबी तिला धरून घरी घेऊन गेली. आत नेऊन पडायला लावलं.

"चाय मांडतो," नसीमाबी म्हणाली. "साखर कुठं हाये?"

"राहू दे, मी उठतो."

"पड गुमान. पडली तं आता उचलाले माह्या कमरीत जोर नाई."

फळीवर तीन डबे होते. चहाचं आधण ठेवून नसीमाबीनं मधला उचलला तर आत खडखड वाजलं. साखर वाजत नाही. झाकण उघडलं. आत गोळ्या, पांढऱ्या आणि पिवळसर. हजार-बाराशे तरी असतील, घुगऱ्यांसारख्या भरलेल्या.

नसीमाबी डबा घेऊन तिच्या उशाशी बसली. शालूबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

"पाकिटं तं रिकामी आणत होती."

"फोडत होतो. पाकीट रिकामं नाई दाखवलं तं मॅडम बोलते."

"आन आज?"

"आज शिबिर होतं ना वो. आकडा चांगला याले पाह्यजे म्हनून सकाळी दोन्हीतल्या तीन-तीन घेतल्या."

नसीमाबीनं कपाळावर हात मारला. परीक्षेच्या दिवशी सगळं पुस्तक गिळून जाणारी पोरं असतात, तसं हे बयताड, खुळं काम. चहा उकळून भांड्याबाहेर आला तरी तिला कळलं नाही.

"बाकीच्या दिवशी काऊन घेत नाई?"

शालूबाईनं ओसरीकडं डोळे फिरवले. सासऱ्याची बाज करकरली. म्हातारा कूस बदलत नव्हता, कान इकडं करत होता.

"कडू लागते," शालूबाई म्हणाली.

"गिळाची गोळी कडू कशी लागन वो?"

"मले लागते."

नसीमाबीला एवढं कळलं की खरं उत्तर या घरात मिळणार नाही. दारात विचारलं की 'हाव' आणि आत विचारलं की 'कडू'. आणि एकशे नव्वदचं बीपी खेळवत ही बाई रोज उन्हात जाते. बहीण ज्या खाटेवर पडली, तशीच खाट हिला धरायला किती दिवस? डॉक्टर म्हणाले होते, आजही होऊ शकते, वर्षानंही होऊ शकते.

रात्रीच्या जेवणाला नसीमाबीनं कलीमला सांगितलं, "सकाळी मी कापूस येचाले जातो."

कलीमचा घास हातातच राहिला. "गाद्या भरायला आपल्याकडं कापूस कमी पडला का?"

"शालूबाईच्या टोळीत जाऊन पाहतो. घरी ती सांगत नाई."

"अरे, पर तुझको वेचना आता क्या? दिवसभरात दोन किलो आणशील."

"मोजाले नाई चालली मी."

सकाळी साडेसहाला मारुतीच्या पाराजवळ आटो लागतो. त्यात चौदा बाया बसतात, बसतात म्हणजे एकमेकींच्या मांडीवर जमतात. टोळीची मुकादमीण तानाबाई. साठीला टेकलेली, दात चार, पण आवाज मलकापुरात ऐकू जावा असा. टोळीनं कोणाचं वावर धरायचं, भाव किती, पात कुठून लावायची, सगळं तिच्या शब्दावर.

नसीमाबीला पाहून ती म्हणाली, "काय वो आशाताई, सरकारनं पगार बंद केला काय?"

"तुम्ही घरी सापडत नाई, म्हनून मीच आली."

"ये बस. पन मांडीवर कोनाच्या बसशीन ते पाहून घे, इथं सगळ्या हाडकंच हायेत."

वावर अर्जुनरावांचं, चार किलोमीटरवर. कापूस वेचायला बाया एका ओळीत शिरतात. एकेकीला दोन तास, म्हणजे झाडांच्या दोन रांगा, आणि सगळ्या बरोबरीनं पुढं सरकतात. याला पात म्हणतात. पातीत मागं राहणारीची बोंडं शेजारणीला उचलावी लागतात, म्हणून मागं राहणं म्हणजे शेजारणीच्या शिव्या. कमरेला मोठं फडकं बांधतात, पुढून झोळीसारखं, त्याला वटी म्हणतात. वेचलेला कापूस त्यात. वटी अशी आवळून बांधलेली की सोडायला-बांधायला पाच मिनिटं सहज जावीत.

नसीमाबीनं वटी बांधली आणि शालूबाईच्या शेजारी उभी राहिली. दहाला ऊन चढलं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी तिची बोटं रक्ताळली. तानाबाई मागून ओरडली, "आशाताई, बोंड हाये ते, बाळ नाई. वढ नीट!" बाया हसल्या.

पाण्याची एकच कॅन होती, आटोत ठेवलेली. अकराला तिथं थांबल्या तेव्हा नसीमाबी बघत राहिली. चौदा बायांनी पाणी तोंडात घेतलं, खळखळ गुळणी केली आणि थुंकलं. दोघी-तिघींनी एक घोट गिळला. नसीमाबीनं मात्र तहानेनं अर्धा लोटा रिचवला. शालूबाई तिच्याकडं दयेनं बघत होती.

"पिऊ नको एवढं," ती हळूच म्हणाली.

"काऊन?"

"कळन."

बाराच्या सुमारास कळलं. नसीमाबीनं चारी बाजूंना पाहिलं. कापूस कमरेइतका. एका बाजूला गाडरस्ता, त्यावर ट्रॅक्टर. दुसऱ्या बाजूला विहीर, तिथं मोटार दुरुस्त करणारे तीन गडी. शेजारच्या वावरात फवारणी चाललेली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभळीचं झाड, तेही विरळ, आडोसा म्हणावा असं कुठंच काही नाही. वर वटी बांधलेली, पात पुढं चाललेली. पाचला आटोत बसेपर्यंत तिनं दात आवळून कसं निभावलं ते तिचं तिला ठाऊक. घरी पोचली तेव्हा कलीमनं विचारलं, किती किलो? तर ती त्याला ढकलूनच आत पळाली.

पण त्याआधी, दोनच्या सुमारास, पातीतच शालूबाई बोलली होती. हात बोंडावर, तोंड खाली, डोळे समोर.

"ते गोळ्या घेतल्या का सारखं जावं लागते. पयल्या पंधरा दिवस घेतल्या मी, इमानानं. दर तासाले लघवी. एकदा... जाऊ दे. एकदा पातीतच झालं. लुगडं ओलं. तानाबाईनं पाह्यलं, बोलली नाई, पन मी मरून गेली. त्या दिवसापासून बंद."

"दोन गोळ्या हायेत. एकच पळवते. दुसरी घेत जाची."

"कोनती पळवते ते मले काय मालूम? म्हनून दोन्ही ठेवल्या. बाजाराच्या दिवशी घरी असतो, तवा घेतो."

"हे मले घरी काऊन नाई सांगतलं?"

"मामंजी बसले राह्यतात ना वो. आन तू बी फॉर्म घेऊन आली होती. फॉर्मात कुठं होतं हे?"

हे उत्तर नसीमाबीला बोंडाच्या काट्यासारखं टोचलं. फॉर्मात खरंच नव्हतं. दारू होती, तंबाखू होता, कमरेचा घेर होता. दिवसभर तुम्ही कुठं असता, तिथं पाणी पिता येतं का आणि प्यायलेलं पाणी टाकता येतं का, याला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती उपकेंद्रात महामायासमोर डबा घेऊन बसली. सगळं सांगितलं. महामायानं झाकण उघडून आत पाहिलं.

"म्हणजे रिकाम्या पाकिटाचा नियम करून मीच त्यांना पाकिटं फोडायला शिकवलं, आपा."

"तुमी शिकवलं आन मी दोन वर्षं नियमित लिवलं. दोघीचं मिळून झालं. आता रडत बसाचं नाई. डॉक्टरले फोन लावा."

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकलं. म्हणाले, लघवी वाढवणारी गोळी बंद करू, दुसरी देऊ, तिनं तसं होणार नाही. पण दिवसभर पाणी न पिता उन्हात काम केलं तर मूत्रपिंडं बिघडतील आणि बीपी कुठल्याच गोळीला ऐकणार नाही. पाणी पाजणं तुमच्याकडं लागलं.

महामायानं शालूबाईचा फॉर्म काढला. "याला रकाना नाही. कुठं लिहू?"

"कागदाले पाठ हाये ना? मांगून लिवा."

महामायानं पाठीवर लिहिलं. मग नसीमाबीनं त्या आठवड्यात टोळीतल्या बाकीच्या तेरा जणींना गाठलं. घरी नाही, हापशीवर, आटोत, पिठाच्या गिरणीत, जिथं ऐकायला कोणी मामंजी नव्हता तिथं. गोळी घेतेस का असं विचारलंच नाही. विचारलं, सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय होते, सांग. चौदांपैकी अकरा जणी सकाळपासून पाणी टाळत होत्या. पाच जणींच्या लघवीला आग होत होती, तरी कोणी कोणाला बोललं नव्हतं. बीपीच्या गोळ्या चौघींना होत्या आणि चौघींच्या घरी एकेक डबा होता. एकीचा तर पिठाच्या कोठीत.

नसीमाबी तानाबाईकडं गेली. वावरात आडोसा करू, सकाळी आणि दुपारी दोनदा थांबू, असं म्हणाली.

तानाबाई चूल फुंकत होती. "चौदा बाया दोन डाव थांबल्या तं मालक दुसरी टोळी पाह्यते. मंग आमचे पोटं तू भरशीन?"

"आन एखादी लकव्यानं पडली तं तिले तू भरवशीन?"

"मी काय मालक हाव काय? मालकाले विचार."

अर्जुनराव सकाळी बसस्टॉपच्या हॉटेलात चहाला असतात. नसीमाबी तिथंच गेली. आठ-दहा माणसं बसलेली. तिनं ओढणी नीट केली आणि सरळ बोलली.

"अर्जुनभाऊ, तुमच्या वावरात बायांले मुताले जागा नाई."

कढईतली भजी तेवढी चरचरत राहिली. अर्जुनराव लाल झाले.

"नसीमाबी, ह्या काय चारचौघात बोलाच्या गोष्टी हायेत काय?"

"मंग एकट्यात बोलू? तं गाव आनखी वेगळंच बोलन."

एकाला चहाचा ठसका लागला. हसू दाबता दाबेना. नसीमाबी हसली नाही.

"तुमच्या वावरात चौदा बाया हायेत. अकरा जनी दिवसभर पानी पेत नाई, कारन पेलं तं जाचं कुठं? चौघीले बीपी हाये, गोळ्या डब्यात पडल्या. एक परवा शाळेत पडली. तुमच्या कापसात पडली असती तं?"

अर्जुनरावांनी बशी खाली ठेवली. ते वाईट माणूस नव्हते. तीस वर्षं त्यांच्या वावरात बाया येत होत्या आणि हा सवाल त्यांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता, एवढंच. खरं तर त्यांना हे बोलणं लवकरात लवकर संपवायचं होतं.

"जुनी ताडपत्री हाये. चार बांबू घे, धुऱ्यावर बांधून टाक. आन जाय आता माय."

"आन दोन डाव थांबाची सूट?"

"दिली! कॅन बी दुसरी ठेवतो. जाय!"

तानाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "मालक हो म्हनते तं मी कोन? पन पात तुटली तं मी बोलीन, सांगून ठेवतो."

सोमवारी ताडपत्री उभी राहिली. नसीमाबी बीपीच्या मशीनची पिशवी घेऊन हजर. शालूबाईनं सकाळीच नवी गोळी घेतली होती. अकराला तिनं कॅनखाली लोटा धरला. काठोकाठ भरला. बाकीच्या तेरा जणी बघत होत्या. तिनं तो एका दमात प्यायला आणि ओठ पुसून पातीत जाऊन उभी राहिली.

बारा वाजले. पुढं साडेबारा. निळी ताडपत्री धुऱ्यावर फडफडत होती आणि तिकडं एकही बाई फिरकत नव्हती. आडोसा झाला म्हणून काय झालं? पात सोडून उठायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिकडं चालत जायचं, म्हणजे कुठं चाललो हे पाटी लावून सांगण्यासारखं. इतक्या वर्षांत कोणी उठलं नव्हतं. शालूबाईची पावलं जड पडायला लागली. हात बोंडावर नुसता फिरत होता. नसीमाबीला दिसत होतं, पण तिनं हात पुढं केला नाही. तिनं ओढून नेलं असतं तर ते एका दिवसाचं झालं असतं.

शालूबाईनं मान वर केली. विहिरीवरचे गडी, रस्ता, तानाबाई, सगळं एकदा पाहिलं. मग वटीची गाठ सोडली. कापसासकट ती शेजारणीच्या हातात दिली.

"धर. मी येतो जाऊन."

आणि चालायला लागली. मान खाली नाही, पळत नाही, बाजाराला निघाल्यासारखी.

पात थांबली. सगळ्यांनी तानाबाईकडं पाहिलं. तानाबाईनं चार दात दाखवले, की चावले, ते सांगता येणार नाही.

"काय पाहून राह्यल्या वो? कधी बाई पाह्यली नाई काय?" ती गरजली. "तिचे तास मी उचलतो. हाताले हात लावा."

आणि म्हातारी शालूबाईच्या तासात शिरली. शालूबाई परत आली तेव्हा शेजारीण वटी तिच्या हातात देऊन निघाली. मग आणखी एक. दोनच्या थांब्याला कॅन रिकामी झाली. संध्याकाळी वजन दहा-बारा किलोनं कमी भरलं. अर्जुनरावांचा माणूस काट्याजवळ कुरकुरला, तर तानाबाईनं त्याला असं काही ऐकवलं की ते इथं लिहिता येणार नाही.

वेचणी संपेपर्यंत ताडपत्री दोनदा वाऱ्यानं उडाली, दोनदा परत बांधली. पुढचं वावर दुसऱ्याचं होतं, तिथला मालक नको म्हणाला. तेव्हा तानाबाईच त्याच्या घरी गेली.

सव्वा महिन्यानं पहिला कापूस आटोपला, फरदडीचा, म्हणजे त्याच झाडांना पुन्हा धरलेला, बाकी होता, तेव्हा शालूबाई उपकेंद्रात आली. महामायानं पट्टा बांधला. पाच मिनिटं गप्प बसवलं. आकडा आला, एकशे बावन्न. पुन्हा घेतला. एकशे बावन्नच.

"अजून उतरवावं लागन," नसीमाबी म्हणाली. "एकशे चाळीसच्या खाली याले पाह्यजे."

"उतरवू ना वो," शालूबाई पदर सावरत उठली. "अजून फरदडीचा कापूस उभा हाये."